मास्तरांचं कडं

रिसोडला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर वाशीमला जावं लागतं. तरीही आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक पॅसेंजर येऊन जात असे. ती फक्त मास्तरांना दिसायची. एक वाजून आठ मिनिटं झाली की ते हातातलं काम ठेवून उठत, शर्टाचं वरचं बटण लावत आणि दारात जाऊन उभे राहत. समोर असायची चहाची टपरी आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. दोन मिनिटं रस्त्याकडे बघून, मान हलवून ते परत येत आणि म्हणत, "गेली. चला, डबे सोडा."

एकदा मी विचारलं, "मास्तर, आज गाडी लेट होती का?"

"लेट तू असतं," ते म्हणाले. "गाडीले कायले नाव ठेवतं?"

ते खरोखरचे स्टेशन मास्तर होते. मीटर गेजच्या जमान्यात एका लहानशा स्टेशनावर त्यांनी सारी नोकरी काढली. पुढे लाइन रुंद झाली, त्यांचं स्टेशन उठलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते आमच्याकडे बियाण्यांचं रेकॉर्ड सांभाळायला आले. वाशीमहून रोज पहिल्या एसटीनं यायचे. दारातूनच सगळ्यांना एक खणखणीत "जय भीम" घालायचे. मग खुर्चीत बसण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाला मनगटावरच्या घड्याळाशी मिळवायचे. फरक सापडला तर नेहमी भिंतीच्याच घड्याळाची चूक असायची.

मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. हे मी आज सांगतो. तेव्हा सांगत नव्हतो. तेव्हा मी स्वतःला 'सिस्टीम इंजिनिअर' म्हणवून घेत असे आणि तसं एक कार्डही छापून घेतलं होतं. मास्तरांनी ते कार्ड चष्मा वर करून, चष्मा खाली करून, दोन्ही बाजूंनी वाचलं. दुसरी बाजू कोरी होती, ती त्यांनी जास्त वेळ वाचली. मग म्हणाले, "इंजिनेर म्हनावं इतकं तं अजून काई दिसत नाही बावा तुह्यात. पन आवाज लय करतं. तुले आपन इंजिन म्हनू."

तेव्हापासून मी इंजिन.

आमचा कारभार असा होता. तीन कॉम्प्युटर. एक समोर काउंटरवर, एक साहेबांच्या केबिनमध्ये, आणि एक मागे, अंगण ओलांडून पन्नास पावलांवर, बियाण्यांच्या गोदामात. कोणत्या शेतकऱ्याला सोयाबीनच्या कोणत्या लॉटच्या किती थैल्या गेल्या, याची सगळी माहिती एकाच डेटाबेसच्या फाइलमध्ये. फाइल राहायची गोदामातल्या कॉम्प्युटरमध्ये, आणि कडुनिंबावरून टाकलेल्या केबलनं बाकीचे दोघे ती तिथूनच उघडायचे. ही सगळी रचना माझी. कागदाचं रजिस्टर मी पहिल्याच महिन्यात बंद पाडलं होतं. त्या दिवशी मी पेढे वाटले होते, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

फाइल रोज उघडायची नाही. कधी म्हणायची, दुसऱ्या कोणी उघडलेली आहे. कधी म्हणायची, सापडत नाही. अशा वेळी माझी एक पद्धत होती. पडद्यावर चौकट आली की वाचायच्या आत ओके दाबायचं. पुन्हा आली की पुन्हा दाबायचं, जरा जोरात. मग केबल काढून फुंकर मारायची. मग कॉम्प्युटर बंद करून चालू. यातून कधी कधी पहिली चौकट जाऊन दुसरीच यायची. चूक बदलली म्हणजे प्रगती झाली, असं मी मानत असे.

मास्तरांना हे बघवायचं नाही. "अरे इंजिन, ते सांगून राह्यलं ना तुले काईतरी! आइक तं! आदी वाच, मंग दाब." पडद्यावरची प्रत्येक चौकट ते आपल्या गोल, सुबक अक्षरात एका वहीत उतरवून घ्यायचे. स्वल्पविरामासकट. इंग्रजीचा अर्थ अडला तर डिक्शनरी काढायचे. मी हसायचो. एक चौकट लिहायला त्यांना दहा मिनिटं लागत. पण तीच चौकट पुन्हा आली की वहीत मागे जाऊन ते सांगत, "पोळ्याच्या आदल्या दिवशी हेच आलतं. तवा केबिनचा कॉम्प्युटर झोपेल होता. जाय, उठव त्याले." आणि तो झोपलेला असायचाच.

कॉम्प्युटरांना मी नावं दिली होती रॉकेट, टायगर आणि किंग. एकदा चौकटीत आलं की फाइल 'रॉकेट'नं अडवली आहे. मास्तरांनी विचारलं, रॉकेट म्हणजे कोणता? मी केबिनकडे बोट दाखवलं. मग काउंटरकडे. मग म्हणालो, बघून सांगतो. मास्तरांनी त्याच दिवशी तिन्ही नावं बदलायला लावली. काउंटर, केबिन, गोदाम. "नाव असं ठेवावं," ते म्हणाले, "का वाचल्याबरोबर मानसाले तिथी चालत जाता आलं पाह्यजे. रॉकेटकडे कसं जातं कोनी?"

तसंच पत्त्याचं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, फाइल 'झेड' ड्राइव्हमध्ये आहे. माझ्या कॉम्प्युटरवर होतीही. केबिनमध्ये झेड होताच कुठे? साहेब तासभर झेड शोधत बसले. मास्तर म्हणाले, "'उजव्या हाताच्या घरात राह्यतो' हा पत्ता झाला का? कोनाचा उजवा हात? कॉम्प्युटरचं नाव लिह्य, मंग खोलीचं, मंग फाइलचं. गावापासून दारापर्यंत." मी मुकाट्यानं पूर्ण पत्ता लिहिला. तेव्हापासून फाइल सापडत नाही, ही तक्रार संपली. श्रेय मी घेतलं.

पण मास्तरांची खरी करामत म्हणजे ते कडं.

एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या रेल्वेत एक सोय होती. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी एक लोखंडी गोळा. तो वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी पुढे जाणार. पुढच्या स्टेशनावर त्यानं तो परत करायचा. मास्तरांनी एक दिवस असं एक जुनं कडं घरून आणलं आणि काउंटरमागच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलं. "गोळा सरकारचा होता, तो देल्ला परत," ते म्हणाले. पिशवीत त्यांनी गोळ्याच्या जागी पाव किलोचं लोखंडी वजन घातलं होतं. "जड असल्याशिवाय मानसाले याद राहत नाही."

नियम असा, की फाइलमध्ये नुसती नोंद करायची तर कोणीही, केव्हाही करावी. पण कोणाला फाइलच्या रचनेत काही बदल करायचा असेल, म्हणजे ती एकट्यापुरती उघडून बाकीच्यांना बाहेर ठेवायचं असेल, तर कडं खांद्याला अडकवून त्या कॉम्प्युटरपाशी जायचं, ते तिथे टांगायचं, आणि काम झालं की फाइल बंद करून कडं परत खिळ्यावर. असे बदल करणारा ऑफिसात एकच माणूस होता. त्यामुळे वेताचं ते कडं खांद्याला लावून, अंगणातून, टपरीवरच्या सगळ्यांच्या देखत जाणाराही एकच होता.

"इंजिन निघालं!" टपरीवाला ओरडायचा. कोणीतरी शिटी मारायचं.

आता त्या सोमवारचं सांगतो.

पेरण्या तोंडावर आलेल्या. बियाणं बहुतेक वाटून झालेलं, थोड्या थैल्या गोदामात शिल्लक. साहेब मीटिंगसाठी अकोल्याला. सकाळी नऊला तपासणीच्या प्रयोगशाळेतून फोन आला. आपल्या एका लॉटची उगवण नापास आहे. तो पेरू देऊ नका, थैल्या बदलून द्या. मी लॉट नंबर लिहून घेतला. फोन ठेवतो तोच कमलबाई दारात. रिसोडपासून चार कोसांवरच्या वाडीतली बाई. घरची माणसं ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, तीन एकर रान. ही खबर तिच्या पुतण्याला बाजारात कशी कोण जाणे आमच्या आधी लागली होती.

पदराची गाठ सोडून तिनं मूठभर सोयाबीन काउंटरवर ओतलं. "पाह्य बरं भाऊ, हे त्यातलं हाये का?"

दाणा बघून लॉट कळत नाही. "मावशी, थैलीवरचं लेबल?"

"थैल्या कुठच्या आता? बियाण्याले औषध लावून ठेवलं कोठीत. थैल्या बकऱ्याईच्या छपराले बांधल्या, लेबल पोट्ट्याईनं फाडले."

"मग पावती?"

पावती तिनं जपून आणली होती. तिच्यावर नाव होतं, गाव होतं, थैल्या दोन असं होतं. लॉट नंबर नव्हता. पावतीचा नमुना मी तयार केला होता. लॉट नंबर घाल, असं मास्तर सहा महिने सांगत होते.

"बारा वाजेपर्यंत सांग," कमलबाई म्हणाली. "ट्रॅक्टर वावरात उभा हाये. बाराले मी हो नाही मनलं, तं तो दुसऱ्याच्या वावरात जाते. मंग माहा नंबर आठ दिवसानं. आन पेरलं आन उगवलंच नाही, तं वरीसच गेलं माहं."

"मावशी, दोन मिनिटं," मी म्हणालो, आणि फाइल उघडायला गेलो. चौकट आली. ओके. पुन्हा चौकट. ओके. केबिनमध्ये पळालो, तिथेही तीच. केबल फुंकली. काउंटरचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकट. कमलबाई माझ्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होती. दोन मिनिटांची चाळीस झाली.

मागे गेलो तर गोदामाचं शटर खाली, कुलूप लावलेलं. गोदाम सांभाळणारा गजानन शनिवारी संध्याकाळीच मेहुण्याच्या लग्नाला शेलूबाजारला गेला होता. चावी त्याच्या खिशात. दुसरी चावी साहेबांच्या खिशात, अकोल्यात. मग मला एक तेजस्वी कल्पना सुचली. गोदामाचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर बाहेरच्या पडवीत होते. दोन्ही बंद करायचे, पुन्हा चालू करायचे, आतला कॉम्प्युटर आपोआप सुधारेल. मी स्विचवर हात ठेवला.

"हात काढ."

मास्तर. पहिली एसटी त्या दिवशी पंक्चर झाली होती, म्हणून ते उशिरा पोचले होते.

"गाडी अजून पुलावर हाये," ते म्हणाले, "आन तू पूल उडवून राह्यला? फाइल आत उघडी असन तं फाटन ना ते. मंग तिची दोन थैल्याची नोंद कुठून आनतं? तुह्या पेढ्याच्या डब्यातून?"

मी हात काढला. आज आठवलं तरी तो हात मला दुसऱ्याचा वाटतो. आतला कॉम्प्युटर बंद पडला असता तर शटर उघडेपर्यंत बाहेरून फाइलला शिवताही आलं नसतं, आणि उघडी फाइल अर्ध्यात तुटली असती ती वेगळीच.

मास्तर काउंटरवर आले. वही काढली. "आन ते चौकट." मी आणली. "दाबू नको." त्यांनी बोट ठेवून वाचली, पूर्ण. मग मला वाचायला लावली. त्या दिवशी सकाळपासून मी अकरा वेळा जी चौकट घालवून टाकली होती, तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की फाइल 'गोदाम' या कॉम्प्युटरवर कोणीतरी एकट्यापुरती उघडून ठेवली आहे.

"गोदाम," मास्तर म्हणाले. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. "कडं कुठी हाये?"

खिळा रिकामा होता.

आता खरं सांगायची वेळ होती, आणि मी काय केलं? मी म्हणालो, "गजाननच तो! हजार वेळा सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नको म्हणून." मला खरंच काही आठवत नव्हतं. म्हणजे थोडंसं आठवायला लागलं होतं, पण मी आठवणीला दारातच थांबवून ठेवलं होतं.

मास्तरांनी गजाननला फोन लावला. तिकडे हळद चालू होती. चावी शेलूबाजारहून मालेगावच्या जीपमध्ये दे, म्हणाले. ड्रायव्हरचं नाव विचारलं, जीपचा नंबर लिहून घेतला. मग मालेगावला त्यांच्या ओळखीच्या पानटपरीवाल्याला फोन केला, की जीप आली की चावी घे आणि रिसोडच्या जीपमध्ये दे. मी म्हटलं, कुलूपच तोडू या. "कुलूप तोडून ज्या मालाले आज आपन जपून राह्यलो, तो उद्या उघड्यावर ठेवू का? बस खाली."

पुढचे दोन तास आमच्या ऑफिसात रेल्वे चालली. शेलूबाजार सोडलं, नऊ पन्नास. मालेगाव आलं, दहा पस्तीस. तिथे गाडी भरेपर्यंत थांबली. मास्तर फोनमध्ये ओरडले, "बाप्पा, एका सीटसाठी कायले थांबला? त्या सीटचं भाडं माह्याकडून घे, पन सोड!" मालेगाव सोडलं, दहा पंचावन्न. प्रत्येक वेळ वहीत. कमलबाईला त्यांनी चहा पाजला आणि तिच्याकडून ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेऊन त्याच्याशीही बोलले. "बारापर्यंत हलू नको. आमी बाराच्या आत सांगतो." मास्तरांच्या आवाजात ते ऐकलं की माणूस थांबायचाच. मी तेच वाक्य बोललो असतो तर ट्रॅक्टर तेव्हाच सुटला असता.

अकरा चाळीसला चावी आली. शटर वर गेलं.

आधी वास आला. मग दिसलं. कॉम्प्युटरच्या गळ्यात वेताचं कडं ऐटीत लटकत होतं. त्याच्याच बाजूला एक स्टीलचा डबा. तीन कप्प्यांचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. हाच डबा मी दोन दिवस घरी शोधत होतो, आणि तो बायकोनंच कुठेतरी हरवला म्हणून तिच्याशी अबोला धरून होतो. आत शनिवारची वांग्याची भाजी होती. आता तिला वांग्याची म्हणण्यात अर्थ नव्हता.

सगळं आठवलं. शनिवारी संध्याकाळी मी कडं घेऊन, शिट्ट्या खात इथे आलो होतो. अखेर पावतीवर लॉट नंबर घालायला घेतला होता. मास्तरांना चकित करायचं होतं. अर्ध्यात मित्राचा फोन आला, पाटोडी-रश्शावाल्या हॉटेलात टेबल मिळालंय, ये. मी पडदा आणि रात्रीसाठी आणलेला डबा तसाच सोडून पळालो. गजाननला लग्नाची घाई, त्यानं शटर ओढलं.

कमलबाई आमच्या मागोमाग दारापर्यंत आली होती. मास्तरांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि सहज घाम पुसल्यासारखं करून माझ्या डब्यावर टाकला. नाव झाकलं गेलं.

"बंद कर," ते हळूच म्हणाले. मी फाइल नीट बंद केली. मग त्यांनी मॉनिटरवरचं कडं काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. बारा वाजायला नऊ मिनिटं उरली असताना हा सोहळा! पण मास्तरांच्या राज्यात कडं टेबलावरून उचलून न्यायचं नसतं, हातातून हातात जायचं असतं. मी पन्नास पावलं धावलो, कडं खिळ्यावर अडकवलं, काउंटरवर फाइल उघडली. उघडली! कमलबाईचं नाव टाकलं.

दोन्ही थैल्या नापास लॉटच्या.

तिनं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. मग फोनमध्ये म्हणाली, "कोठीतलं बियाणं टाकू नको. थांब. मी दुसरं आनून राह्यली." आणि आमच्याकडे वळून, "द्या. लवकर द्या." चांगल्या लॉटच्या दोन थैल्या मास्तरांनी स्वतः जीपमध्ये चढवल्या. चावी ज्या जीपनं आली त्याच जीपनं ते बियाणं गेलं. संध्याकाळी तिनं पेरलं. बाकीच्या नापास थैल्यांची यादी काढून आम्ही पाच वाजेपर्यंत फोन करत होतो. एकाचंही पेरून झालेलं नव्हतं.

एक फोन मात्र राहिला होता. जीप गेल्यावर मास्तर खुर्चीत बसले, वही मिटली आणि म्हणाले, "गजाननले लाव."

"संध्याकाळी लावतो."

"आता लाव. सकायी त्याचं नाव सगळ्याईच्या समोर घेतलं ना? तसंच हे बी समोर."

मी लावला. तिकडे आता वरात निघाली होती. बँड.

"गजानन, ती फाइल मीच उघडी ठेवली होती."

"आं?"

"फाइल! चूक माझी होती!"

"कोनाची?"

"माझी!" मी काउंटरवर उभा राहून बोंबललो. "चूक माझी! मी विसरलो! तुझं नाव उगाच घेतलं!"

केबिनपर्यंत गेलं. रस्त्यापलीकडे गेलं. टपरीवाल्यानं शिटी मारली.

"काई आइकू येत नाही भाऊ," गजानन ओरडला, "जेवाले या!"

मास्तरांनी घड्याळ बघितलं. एक वाजून आठ मिनिटं. ते उठले, वरचं बटण लावलं आणि दारात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला काही दिसलं नाही. पण मी मान हलवली.

आता मास्तर मुलीकडे पुण्याला असतात. आमचं सगळं आता मोबाइलवर गेलं आहे, फाइल कोणी अडवायचा प्रश्न उरलेला नाही, आणि पावतीवर लॉट नंबर ठळक अक्षरात असतो. तरी ऑफिसात काही उघडेनासं झालं की मी आधी पडद्यावरची चौकट पूर्ण वाचतो, बोट ठेवून. नवी पोरं हसतात. हसू देतो.

दर सोमवारी सकाळी दहाला मास्तरांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी, कमलबाईचं सोयाबीन, असं काहीबाही होतं. शेवटी ते विचारतात, "इंजिन, कडं कुठी हाये?"

"खिळ्यावर आहे, मास्तर."

"पाहून सांगून राह्यला का तसाच?"

आणि मी खुर्ची मागे सारून उठतो.